रूट ६६ : संपलेला महामार्ग, उरलेले थांबे

#थ्रेड

१/
२७ जून १९८५ रोजी अमेरिकेतील राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने आपल्या यादीतून एक क्रमांक वगळला : ६६. शिकागोपासून सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारा, आठ राज्ये ओलांडणारा, सुमारे २,४४८ मैलांचा (साधारण ३,९४० किमी) महामार्ग त्या दिवशी कागदोपत्री संपला. तरीही आज जगभरातून प्रवासी तोच रस्ता शोधत येतात. तिथले जुने पेट्रोल पंप, निऑन फलकांची मोटेल्स, सिमेंटचे तंबू आणि बरणीतल्या गोळ्या विकणारी दुकाने पाहण्यासाठी ते मुद्दाम वाट वाकडी करतात. हे थांबे कसे उभे राहिले, कशाने बंद पडले, पुन्हा कसे उघडले, आणि या साऱ्या आठवणीत कोणाला जागा मिळाली, याचा हा मागोवा.

२/
आरंभ १९२६ सालचा. तोपर्यंत अमेरिकेत लांब पल्ल्याच्या रस्त्यांना नावे असत, क्रमांक नसत. प्रत्येक रस्त्यामागे एखादी खासगी संस्था असे आणि तीच त्याची जाहिरात करी. हा गोंधळ आवरण्यासाठी संघराज्य सरकारने क्रमांकांची देशव्यापी पद्धत आखली. ओक्लाहोमातील टल्सा शहराचे व्यावसायिक सायरस एव्हरी हे या आखणीतील एक प्रमुख. त्यांना आपल्या रस्त्यासाठी ६० हा क्रमांक हवा होता. केंटकी राज्याने त्यावर हक्क सांगितला. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतील स्प्रिंगफील्ड येथून गेलेल्या तारेत ६६ हा क्रमांक सुचवला गेला, आणि त्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरला संपूर्ण आराखडा मंजूर झाला.

३/
रूट ६६ चे वेगळेपण त्याच्या रेषेत होते. अमेरिकेचे बहुतेक मोठे रस्ते पूर्व-पश्चिम किंवा दक्षिण-उत्तर असे सरळ जात. हा मात्र इलिनॉयमधून तिरका खाली उतरून मिझुरी, कॅन्ससचा जेमतेम १३ मैलांचा कोपरा, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना पार करत कॅलिफोर्नियात शिरे. एव्हरींनी तो आग्रहाने टल्सावरून वळवला होता. वाटेतल्या शेकडो लहान गावांचा मुख्य रस्ता हाच राष्ट्रीय महामार्ग ठरला. गावाला टाळून जाणे या महामार्गाला माहीतच नव्हते. पुढे जे घडले, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

४/
रस्ता कागदावर आला तेव्हा त्यातील केवळ ८०० मैल पक्के होते. उरलेला खडी, माती आणि काही ठिकाणी नुसत्या फळ्या. तरी जाहिरात थांबली नाही. १९२७ मध्ये टल्सात ‘यू.एस. ६६ हायवे असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने या मार्गाला ‘अमेरिकेची मेन स्ट्रीट’ म्हणायला सुरुवात केली. १९२८ मध्ये लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पायी धावण्याची अचाट शर्यत भरवण्यात आली. तिचा शिकागोपर्यंतचा टप्पा रूट ६६ वरून गेला. शर्यत जिंकली ओक्लाहोमातील फॉयल गावच्या अँडी पेन या चेरोकी तरुणाने. बक्षीस होते २५,००० डॉलर.

५/
थांबे निर्माण झाले ते गरजेतून. १९२० च्या दशकातील मोटार आजच्यासारखी नव्हती. चढावर इंजिन तापे, टायर वारंवार फुटे, पेट्रोलची टाकी लहान असे. वाळवंट ओलांडताना लोक गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी टांगत. ॲरिझोनातील ओटमन गावाकडे जाणारा घाट इतका तीव्र होता, की काही चालक गाडी उलट्या दिशेने चढवत. टाकीतले पेट्रोल केवळ उताराने इंजिनकडे येणाऱ्या त्या गाड्यांना चढावर ते मिळेनासे होई. अशा प्रवासात दर काही मैलांवर पाणी, पेट्रोल, पंक्चर काढणारा माणूस आणि गरम जेवण लागणारच. ज्याच्याकडे रस्त्यालगत जमिनीचा तुकडा होता, त्याला धंदा सापडला.

६/
रात्रीच्या मुक्कामाचेही तसेच. सुरुवातीला प्रवासी रस्त्याकडेला तंबू ठोकत. मग गावोगावी मोफत किंवा अल्प शुल्काची छावणी-मैदाने निघाली. पुढे कोणी दहा-बारा लाकडी खोपटी उभारून भाड्याने देऊ लागले. त्या खोपट्यांना समाईक छप्पर मिळाले, दाराशी गाडी लावायला जागा मिळाली आणि ‘मोटर कोर्ट’ तयार झाले. मोटर आणि हॉटेल यांच्या जोडणीतून १९२५ साली कॅलिफोर्नियात घडलेला ‘मोटेल’ हा शब्द सर्वत्र रुळला तो बराच नंतर, दुसऱ्या महायुद्धानंतर. शहरातल्या हॉटेलात शिरताना प्रवाशाच्या मळलेल्या कपड्यांकडे पाहिले जाई. इथे गाडीतून उतरले की खोलीचे दार समोर.

७/
मग आले मंदीचे आणि धुळीचे दशक. दुष्काळ, धुळीची वादळे, कोसळलेले शेतमालाचे भाव आणि जमिनीवरून हुसकावले जाणे यांमुळे मैदानी राज्यांतील लोक पश्चिमेकडे निघाले. या काळात २,१०,००० च्या आसपास माणसे कॅलिफोर्नियात गेली असे मानले जाते. त्यांतील मोठ्या संख्येचा मार्ग हाच होता. जॉन स्टाइनबेकने १९३९ च्या आपल्या कादंबरीत या रस्त्याला आईची उपमा दिली आणि ती कायमची चिकटली. वास्तवातले स्वागत मात्र आईसारखे नव्हते. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नसलेल्यांना तिथूनच परतवले जाई.

८/
याच मंदीत रस्त्याकाठचा धंदा मात्र तगला. शेतावर काही पिको न पिको, रस्त्यावरून गाड्या जात होत्या. इलिनॉयमधील लिचफील्डचा ‘ॲरिस्टन कॅफे’ १९३५ मध्ये आपल्या आजच्या वास्तूत आला. टेक्सासमधील शॅमरॉक येथे १९३६ मध्ये पेट्रोल पंप आणि उपाहारगृह एकत्र असलेली ‘यू-ड्रॉप इन’ ही आर्ट डेको शैलीची मनोऱ्याची इमारत उभी राहिली. मिझुरीतील कार्थेज येथे १९३९ मध्ये ‘बूट्स कोर्ट’ सुरू झाले. प्रत्येक खोलीत रेडिओ, ही त्याची जाहिरात. १९३८ पर्यंत संपूर्ण रस्ता पक्का झाला. बहुतेक थांबे कुटुंबाचे असत. पुढे धंदा, मागे बिऱ्हाड. नवरा पंपावर, बायको स्वयंपाकघरात, मुले गाड्यांच्या काचा पुसायला.

९/
युद्ध संपले आणि या थांब्यांचा खरा बहराचा काळ सुरू झाला. पेट्रोलवरचे रेशनिंग उठले, गाड्या परवडू लागल्या आणि सुट्टीत सहकुटुंब पश्चिमेला जाणे ही मध्यमवर्गाची रीत झाली. प्रत्येक मोटेल शेजारच्यापेक्षा आधी नजरेत भरावे म्हणून निऑनचे फलक मोठे होत गेले. न्यू मेक्सिकोतील टुकमकारी गावाने तर शेकडो मैल आधीपासून ‘आज रात्री टुकमकारी’ असे फलक लावले. तिथल्या ‘ब्लू स्वॅलो’ मोटेलचा निळा निऑन पक्षी आजही पेटतो. १९५८ मध्ये लिलियन रेडमन यांना हे मोटेल वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून मिळाले आणि पुढची चार दशके त्यांनी ते चालवले.

१०/
जाहिरातीच्या कल्पना थक्क करणाऱ्या होत्या. मिझुरीतील मेरामेक गुहांचे मालक लेस्टर डिल शेतकऱ्यांच्या गोठ्यांची छपरे आणि भिंती फुकट रंगवून देत. अट एवढीच, की रंगात गुहेचे नाव असेल. प्रवासी गुहा पाहत असत तेव्हा बाहेर त्यांच्या गाडीला गुहेची जाहिरात बांधली जाई. ॲरिझोनातील जोसेफ सिटीजवळच्या ‘जॅक रॅबिट’ दुकानाचे काळ्या सशाचे पिवळे फलक मैलोन्‌मैल दिसत. मागच्या आसनावरची मुले एव्हाना हट्टाला पेटलेली असत. शेवटी दुकानासमोरच भला मोठा फलक येई : ‘हेच ते’. गाडी थांबवण्यावाचून बापाला गत्यंतर नसे.

११/
या साऱ्यांत सर्वाधिक छायाचित्रे ज्याची निघतात ते ‘विगवॅम मोटेल’. केंटकीच्या फ्रँक रेडफर्डने तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या खोल्यांचे १९३६ मध्ये पेटंट घेतले. अशा सात वसाहती झाल्या, पैकी दोन रूट ६६ वर : एक कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो-रिआल्टोच्या हद्दीवर, दुसरी ॲरिझोनातील होलब्रुक येथे. होलब्रुकच्या चेस्टर लुईसने १९५० मध्ये पंधरा तंबू बांधले. आराखडा वापरल्याचा मोबदला ठरला तोही गमतीचा. खोलीतला रेडिओ दहा सेंटचे नाणे टाकले की अर्धा तास वाजे, आणि ती नाणी रेडफर्डकडे जात.

१२/
आता या तंबूंकडे जरा थांबून पाहायला हवे. त्यांना नाव दिले विगवॅम. विगवॅम ही ईशान्येकडील आणि महासरोवरांच्या प्रदेशातील मूलनिवासींची घुमटाकार झोपडी. आकार दिला टिपीचा. टिपी हा मैदानी प्रदेशातील जमातींचा शंकूसारखा तंबू. आणि उभे केले होलब्रुकला, जिथे शेजारी नवाहो लोक राहतात, ज्यांचे परंपरागत घर आहे होगन, आणि होपी, ज्यांची गावे दगडी. रूट ६६ अनेक मूलनिवासी राष्ट्रांच्या भूमीतून जातो. त्यांच्या चांदीच्या आणि विणकामाच्या वस्तूंवर कित्येक दुकाने चालली. प्रवाशाला मात्र चित्रपटात पाहिलेला ‘इंडियन’ हवा होता, आणि थांब्यांनी तोच उभा करून दाखवला.

१३/
१९४६ मध्ये बॉबी ट्रूप या गीतकाराने प्रवासात सुचलेले रूट ६६ चे गाणे लिहिले. ते त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केले नॅट किंग कोल यांनी, आणि या रस्त्याची कीर्ती घरोघरी पोहोचली. रस्त्यावरच्या गावांची नावे देशाला पाठ झाली ती कोल यांच्या आवाजात. कोल कृष्णवर्णीय होते. गाण्यातल्या वाटेवर त्यांच्यासारख्या माणसाला कित्येक गावांत रात्रीची खोली मिळत नसे. कीर्ती आणि पैसा असूनही १९४८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क वस्तीत घर घेतले, तेव्हा तिथल्या गोऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या येण्याला उघड विरोध केला.

१४/
हे दक्षिणेतल्या कुठल्या आडवाटेचे चित्र नव्हे. रूट ६६ ज्या ८९ काउंट्यांमधून जात होता, त्यांपैकी ४४ काउंट्या १९३० पर्यंत ‘सनडाउन’ प्रकारच्या, म्हणजे केवळ गोऱ्यांच्या वस्तीच्या, होत्या. सूर्य मावळण्यापूर्वी कृष्णवर्णीयाने हद्द सोडावी हा तिथला नियम. काही ठिकाणी तो वेशीवर पाटी लावून सांगितलेला, काही ठिकाणी न सांगता सर्वांना ठाऊक. ओक्लाहोमातील एडमंड येथील एका उपाहारगृहाने तर गावात एकही कृष्णवर्णीय राहत नसल्याची फुशारकी आपल्या जाहिरातीच्या पोस्टकार्डावर छापली होती. तेही याच रस्त्यावर.

१५/
मोठ्या शहरात परिस्थिती बरी असेल असे वाटू शकते. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की हे रूट ६६ वरील मोटेलांचे मोठे केंद्र. या शहराने १९५२ मध्येच वंशभेदाविरुद्ध अध्यादेश काढला होता. तरीही १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेने पाहिले, तेव्हा शहरातील रूट ६६ वरच्या शंभराहून अधिक मोटेलांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी मोटेल्स कृष्णवर्णीयांना खोली देत होती. ज्या निऑन फलकांना आज स्वागताचे प्रतीक मानले जाते, त्यांतील बहुतेकांचे स्वागत असे निवडक होते.

१६/
यातून एक छोटी पुस्तिका जन्माला आली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन टपाल खात्यात पत्रे वाटत. त्यांनी १९३६ मध्ये ‘ग्रीन बुक’ काढले : कृष्णवर्णीय प्रवाशाला जिथे खोली, जेवण, पेट्रोल आणि केशकर्तन मिळेल अशा ठिकाणांची यादी. सुरुवात न्यूयॉर्क परिसरापासून झाली आणि काही वर्षांत ती देशभर पसरली. एस्सो कंपनीच्या पंपांवरही ती मिळे. तरीही यादीतल्या दोन ठिकाणांमध्ये शेकडो मैलांचे अंतर असू शके. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबे घरचे जेवण, पांघरुणे आणि जादा पेट्रोल बरोबर घेऊनच निघत. एक दिवस आपली पुस्तिका छापावी लागू नये, अशी आशा ग्रीन यांनी तिच्यात व्यक्त केली होती.

१७/
अशा थांब्यांचीही एक समांतर साखळी होती. मिझुरीतील स्प्रिंगफील्ड येथे अल्बर्टा एलिस यांनी शहराच्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत ‘अल्बर्टाज हॉटेल’ चालवले. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलजवळ मरे दांपत्याचे ‘मरेज ड्यूड रँच’ होते. घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव, मोकळे वाळवंट. मुष्टियोद्धा जो लुईस तिथे मुक्कामाला येई आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय काउबॉय नायकाचे चित्रपट तिथे चित्रित झाले. यांपैकी एकही वास्तू आज उभी नाही. अल्बर्टा एलिस यांचे हॉटेल नागरी पुनर्विकासात पाडले गेले. भावी पर्यटकाने छायाचित्र काढावे असे तिथे काही उरलेले नाही.

१८/
एक वास्तू मात्र टिकली. ओक्लाहोमातील लूथर गावाजवळ ॲलन थ्रेट या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने १९१५ च्या सुमारास पेट्रोल पंप बांधला. रूट ६६ ची आखणी त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी झाली. दगड स्वतःच्याच जमिनीतल्या खाणीतला, तपकिरी वाळूचा. पुढे त्याच आवारात बेसबॉलचे मैदानही झाले आणि पंचक्रोशीतील कृष्णवर्णीयांचे ते एकत्र येण्याचे ठिकाण बनले. पोस्टकार्डावर फुशारकी छापणारे एडमंड इथून काही मैलांवरच. अंधार पडण्याआधी कुठे पोहोचायचे, हा प्रश्न पडलेल्या प्रवाशाला या लहानशा दगडी घराचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

१९/
मग रस्त्याचाच काळ फिरला. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संघराज्य महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांच्या आंतरराज्य द्रुतगती मार्गांचे जाळे उभारायचे ठरले. सिग्नल नाहीत, चौक नाहीत, दोन्ही दिशा वेगळ्या, प्रवेश ठरावीक ठिकाणीच. रूट ६६ वरची वाहतूक त्याच्या क्षमतेबाहेर गेली होती, अपघातांमुळे काही भागांत त्याला ‘रक्तरंजित ६६’ म्हटले जाई. त्यामुळे नव्या मार्गांची गरज खरी होती. पण नव्या रस्त्याची रीत जुन्याच्या नेमकी उलट होती. जुना रस्ता गावातून जाई, नवा गावाला वळसा घालून.

२०/
एका वळशाने गाव कसे मरते, हे या मार्गावर पुन्हा पुन्हा दिसले. टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्लेनरियो आज ओसाड आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील ॲम्बॉय येथे ‘रॉईज’ हा पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाचा अहोरात्र गजबजलेला थांबा होता. १९७३ मध्ये आंतरराज्य ४० हा मार्ग उत्तरेकडून सुरू झाला आणि ग्राहक नाहीसे झाले. ॲरिझोनातील सेलिग्मन गावाची तारीख तर गावकऱ्यांना तोंडपाठ आहे : २२ सप्टेंबर १९७८. सकाळी गावातून गाड्यांची रांग, दुपारनंतर रस्ता मोकळा. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी विल्यम्स हे शेवटचे गावही वगळले गेले. दुसऱ्या वर्षी क्रमांकच रद्द झाला.

२१/
या पडझडीत भारताशी जोडणारा एक धागा आहे. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकात काही गुजरातींनी लहान हॉटेले चालवायला घेतली होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडले, १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या कुटुंबांची भर पडली, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर महामार्गांवरची मोटेल्स स्वस्तात विक्रीला आली. मालकाने तिथेच राहायचे, घरच्यांनीच खोल्या झाडायच्या, नातलगांनी भांडवल उभे करायचे, या पद्धतीने ती तगली. गोऱ्या स्पर्धकांनी आपल्या दारात ‘मालक अमेरिकन’ अशा पाट्या लावल्या. विमा आणि कर्ज मिळवतानाच्या भेदभावाविरुद्ध या व्यावसायिकांना संघटित व्हावे लागले. त्यांतून १९८९ मध्ये आशियाई अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना स्थापन झाली.

२२/
पुनरुज्जीवन घडले ते सेलिग्मनमध्ये. १९२७ साली याच रस्त्यावर जन्मलेले एंजेल डेल्गाडिल्लो हे मेक्सिकन वंशाचे न्हावी. मंदीत त्यांच्या कुटुंबाने गाव सोडण्याची तयारी केली होती. भावांना नाचाच्या वाद्यवृंदात काम मिळाले म्हणून ते थांबले. भाऊ हुआन यांनी १९५३ मध्ये रेल्वेच्या भंगार लाकडातून ‘स्नो कॅप’ हे खाद्यगृह उभारले. १९७८ नंतर जवळजवळ दशकभर गाव सुकत गेले. १८ फेब्रुवारी १९८७ रोजी एंजेल यांच्या पुढाकाराने मूठभर गावकरी जमले आणि ॲरिझोनाची ‘हिस्टॉरिक रूट ६६’ संघटना जन्मली. त्याच वर्षी राज्याने सेलिग्मन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक मार्ग घोषित केला. इतर राज्यांनी हाच कित्ता गिरवला.

२३/
म्हणजे ज्या स्मृतीला आज आपण वारसा म्हणतो, तिचा आरंभ पोटाच्या प्रश्नातून झाला. थांबे मुळात गरजेने उभे राहिले. वळसा पडल्यावर ती गरज संपली. डेल्गाडिल्लोंनी नवी गरज ओळखली. ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर सर्वत्र सारखीच उपाहारगृहे आणि सारखेच पलंग मिळू लागले होते. अशा प्रवाशाला ओळखीने बोलणारा माणूस हवा होता. होलब्रुकचे सिमेंटचे तंबू लुईस यांच्या कुटुंबाने १९८८ मध्ये पुन्हा उघडले. १९९९ मध्ये संघराज्य सरकारने या मार्गाच्या जतनासाठी कायदा केला. २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटाने वळशामुळे विसरलेल्या गावाची कथा नव्या पिढीपर्यंत नेली.

२४/
पण स्मरणरंजन निवड करते, आणि ती निवड निरागस नसते. जे उभे आहे त्याचेच छायाचित्र निघते, ज्याचे छायाचित्र निघते त्यालाच निधी मिळतो, ज्याला निधी मिळतो तेच उभे राहते. कृष्णवर्णीयांचे थांबे या चक्रात आधीच मागे पडले होते. २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. ‘ग्रीन बुक’ची शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची, ग्रीन यांची आशा पुरी झाली, पण ते पाहायला ते हयात नव्हते. ग्राहक पांगले, पुढे द्रुतगती मार्गांनी आणि पुनर्विकासाने कृष्णवर्णीय वस्त्याच उद्ध्वस्त केल्या. वास्तूंबरोबर पुरावाही गेला.

२५/
म्हणूनच ‘तो काळ किती साधा, किती मनमिळाऊ होता’ हे वाक्य तपासून घ्यावे लागते. ते खोटे नाही. ब्लू स्वॅलोच्या लिलियन रेडमन यांचा पाहुणचार खरा होता, अनोळखी प्रवाशाला पाणी देणारे पंपवालेही खरे होते. प्रश्न एवढाच, की त्या दारातून आत कोण जाऊ शकत होते. एकाच रस्त्यावरून, एकाच वर्षी, एकाच बनावटीच्या गाडीतून निघालेल्या दोन कुटुंबांचा प्रवास वेगळा असे. एकाला कुठल्या मोटेलात उतरावे याची निवड करायची असे. दुसऱ्याला अंधार पडण्यापूर्वी यादीतले ठिकाण गाठायचे असे. इतिहासाला दोन्ही कुटुंबांचा प्रवास सांगावा लागतो.

२६/
अलीकडे हे चित्र बदलू लागले आहे. थ्रेट पंपाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत १९९५ मध्ये झाली होती. २०२१ मध्ये देशातील सर्वाधिक धोक्यातील ११ ऐतिहासिक स्थळांत त्याचे नाव आले आणि त्याच्या जतनाकडे लक्ष वेधले गेले. दुसरीकडे, रिआल्टोची मोडकळीस आलेली विगवॅम वसाहत २००३ मध्ये एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने विकत घेऊन डागडुजी केली. २००५ मध्ये त्यांना सायरस एव्हरींच्या नावाचा जतन-पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविरुद्ध कधी ‘मालक अमेरिकन’च्या पाट्या लागल्या, त्याच समाजाच्या हाती आज या रस्त्यावरचा एक लाडका थांबा आहे. आणि ‘इंडियन’ नावाने मिरवलेला तो चुकीचा तंबू आता वेगळ्याच इंडियनांनी सांभाळला आहे.

२७/
२०२६ हे रूट ६६ चे शताब्दी वर्ष. या निमित्ताने निऑन पुन्हा उजळतील, जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघतील, आणि ते योग्यच आहे. त्या फलकांखाली हजारो कुटुंबांनी आयुष्य घालवले. त्याच वाटेवर लूथरजवळ तपकिरी दगडांचा एक पंप आहे. त्याला निऑन नाही, सिमेंटचा तंबू नाही, ससा नाही. नकाशात तो शोधावा लागतो. ज्याला संपूर्ण रूट ६६ पाहायचा आहे, त्याने तिथेही गाडी थांबवावी.

(समाप्त)